फिरंगी खाऊ

बँकॉकहून परतलेला आपला माणूस सहसा दोनच गोष्टी सांगतो, एक सोन्याचा बुद्ध आणि दुसरी खरेदी. मीही तेवढेच सांगितले असते. पण टूरवाल्यांनी एक दुपार मोकळी सोडली. बाकीची मंडळी मॉलकडे वळली आणि आम्ही दोघे फेरीबोटीने चाओ फ्राया नदी ओलांडून पलीकडे गेलो.

तोवर हे शहर मला अगदी ओळखीचे वाटत होते. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, तिथे समुद्रमंथनाचे भलेमोठे शिल्प. नदीकाठी अरुणाचे देऊळ, वाट अरुण. १७८२ साली ही राजधानी वसवली तो राजा पहिला राम, आणि जुनी राजधानी अयुथ्या, म्हणजे अयोध्याच. राजवाड्याजवळच्या वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांत रामायणाची १७८ भित्तिचित्रे आहेत. त्यांच्या रामायणात हनुमान ब्रह्मचारी नाही हे कळल्यावर सौभाग्यवती जरा नाराज झाल्या, पण एकूण "सगळे आपलेच" म्हणून आम्ही खूश होतो.

नदीपलीकडे दुसरेच "आपले" भेटले. त्या वस्तीचे नाव कुडी चीन. बोळ इतके अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला टेकून उभे राहावे. मध्ये सांता क्रूझ इगर्ज. आजची इमारत १९१६ची. दारांवर सायबिणीची चित्रे, कुंड्यांत फुले. क्षणभर वाटले, फोंताइन्यास तर नव्हे? पण चार पावलांवर बौद्ध विहार, त्याला लागून चिनी देऊळ, आणि थोडे पुढे मशीद.

इथली जुनी घराणी पोर्तुगीजांच्या वंशातली. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जाळली. नंतर ताकसिन राजाने नदीच्या या काठावर, थोनबुरीला राजधानी केली आणि आपल्या बाजूने लढलेल्या पोर्तुगीजांना १७६९मध्ये इथे जमीन दिली. चेहरे आता पूर्ण थाई. पोर्तुगीज भाषाही गेली. राहिला तो धर्म आणि एक खाऊ.

त्याचे नाव खनोम फरांग. खनोम म्हणजे खाऊ आणि फरांग म्हणजे आपला फिरंगी. बदकाची अंडी, साखर आणि मैदा, बस्स. लोणी नाही, दूध नाही. वर मनुका आणि कोहळ्याचा पेठा. पूर्वी खाली निखारे आणि वरही निखारे ठेवून भाजत, आपल्याकडे बेबिंका भाजतात तसे. पेरूलाही थाई लोक फरांगच म्हणतात. आपणही पेरूला "पेर" म्हणतो तो पोर्तुगीजांमुळेच. बाहेर गाडीवर तांदळाचे पीठ आणि नारळाचा रस खळग्यांच्या तव्यात घालून खनोम क्रोक भाजत होते. हुबेहूब आपले आप्पेपात्र! आणि ज्या मिरचीशिवाय थाई जेवण होत नाही आणि आपली हुमणही होत नाही, ती दोन्हीकडे आणली त्याच जहाजांनी.

खाऊचा तुकडा तोंडात घातला आणि आजी आठवली. आमच्या आजीने जन्मात पाव खाल्ला नाही. पोदेराचा भोंगा वाजला की मी धावायचो आणि ती आतून ओरडायची, "रांदचेकुडींत हाडूं नाका रे!" पाव मी पडवीत बसून खायचा. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी तिने तिच्या आजीकडून ऐकलेल्या. कॉलेजात गेल्यावर मी तिला हसायचो. एकदा तर मुद्दाम पाव घेऊन चुलीपाशी गेलो. ती काही बोलली नाही. उठून बाहेर गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

कुडी चीनच्या बाकावर बसून मी हिशेब मांडला. आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१०मध्ये. १५११मध्ये मलाक्का घेतले आणि तिथूनच त्याचा दूत अयुथ्येला गेला. माणसे तीच, जहाजे तीच, अंतर एका वर्षाचे. पण तिथे ती राजाच्या परवानगीने राहिली, व्यापार केला, राजासाठी बंदुका चालवल्या. इथे ती राज्यकर्ती झाली. देवळे पाडली, १५६०मध्ये इन्क्विझिशन आणले आणि १९६१पर्यंत हलली नाहीत. म्हणून तिथला खाऊ नुसता खाऊच राहिला. शेजारच्या विहारात जाणाराही तो निर्धास्त घेतो. आपल्याकडे मात्र पावाला इतिहास चिकटला.

आजी अडाणी नव्हती. पीठ आणि पाणी यांच्याशी तिचे काही वैर नव्हते. तो पाव कोणत्या हातांनी आणि कशासाठी पुढे केला होता, ते तिच्या घराण्याने लक्षात ठेवले होते. हे समजायला मला पन्नाशीच्या जवळ यावे लागले, आणि तेही परक्या देशात.

परतल्यावर दुसऱ्याच सकाळी पोदेर आला. चार पोळे घेतले आणि चहाबरोबर खाल्ले. पाव मी सोडणार नाही, तो आता माझाही आहे. पण त्या दिवशी ताट घेऊन मी पडवीत बसलो. बायकोने विचारले, "अहो, आत का नाही बसत?"

म्हटले, "आज इथेच बरे वाटते."