मुरलेलं पाणी

डाळ शिजायला किती वेळ लागला यावरून माझी आजी पाणी ओळखायची. आजोळ बार्शीकडचं. तिथे दोन विहिरी होत्या: मळ्यातली गोड्या पाण्याची आणि घरामागची जड पाण्याची. घरामागचं पाणी धुण्याभांड्याला आणि गुरांना. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं मळ्यातून डोक्यावर यायचं. घाईत कुणी जड पाण्यात तूरडाळ टाकलीच, तर ती कितीही उकळली तरी दाणा मोडायची नाही. मग आजी चिमूटभर खायचा सोडा घालायची. पाण्यातला कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो, सोडा ती पकड सैल करतो, हे मला कॉलेजात कळलं आणि आजीबद्दलचा आदर आणखी वाढला.

आमचं घर मात्र पुण्याला, पेठेत. खडकवासल्याचं पाणी. डोक्यावरून ओतलेली शिकेकाई भरभर निघून जायची, साबणाची एक वडी घरभर पुरायची, आणि बंब आतून चिंचेनं घासायची वेळ क्वचितच यायची. आजोळी तोच साबण हाताला नुसता चिकट साका सोडायचा. लहानपणी मला वाटे, पुण्याचं पाणी जातीचंच चांगलं. खरं तर दोन्हीकडे पाऊसच. सह्याद्रीत कोसळलेला पाऊस पानशेत, वरसगाव, टेमघर करत खडकवासल्याला लवकर पोचतो. वाटेत दगडाशी त्याची फारशी ओळखच होत नाही. बार्शीकडचा थोडका पाऊस काळ्या मातीत मुरतो, तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतो, आणि मग मुरमातून, बेसाल्टच्या फटींतून हळूहळू झिरपत कॅल्शियम नि मॅग्नेशियम विरघळवून घेतो. जड पाणी म्हणजे दगडाच्या सहवासात राहिलेला पाऊस.

नोकरी लागली, लग्न झालं, आणि आम्ही वाघोलीत फ्लॅट घेतला. 2021 मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली, तरी आमच्या इमारतीची तहान भागवली ती बोअरनं आणि टँकरनं. आजीची घरामागची विहीर जणू चौथ्या मजल्यावर येऊन पोचली. नळाच्या तोंडाशी पांढरी खर, शॉवरची निम्मी भोकं बंद, टॉवेल वाळला की पत्र्यासारखा. गिझरची कॉइल बदलायला आलेल्या मेकॅनिकनं जुनी कॉइल हातात दिली तेव्हा तिच्यावरचा थर नखानं निघेना. पाणी उकळलं की त्यातली बायकार्बोनेटं कार्बोनेट होऊन बसतात. कॉइल त्या थराआड तापत राहते, बिल वाढतं आणि शेवटी ती जळते.

मग दारावर पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे विक्रेते आले. त्यांच्यातल्या एकानं आमच्या पाण्यात लोखंडी कांड्या बुडवून वीज सोडली. बघता बघता ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ तरंगू लागला आणि शेजारच्या काकू घाबरून आतच गेल्या. तो गाळ पाण्यातला नसतो. क्षारांमुळे वीज वाहते आणि कांडीचं लोखंड सुटतं, त्याचा तो रंग. साध्या माणसांना त्यांच्याच पिण्याच्या पाण्याची अशी भीती घालणं मला आजही संतापजनक वाटतं. भारतीय मानकानुसार पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजे जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं तर आरोग्यासाठी म्हणून कठीणपणाची मर्यादा घातलेलीच नाही. खर दिसते, म्हणून तिची धास्ती वाटते. जे दिसत नाही ते घातक. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला गीयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यातल्या जंतूंवर होता. जंतू विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरच्या आकड्यात उमटत नाहीत.

आमच्या सोसायटीनं सॉफ्टनर बसवला. त्यातलं रेझिन कॅल्शियम धरतं आणि बदल्यात सोडियम सोडतं, म्हणजे क्षारांचा एकूण आकडा जवळपास तेवढाच राहतो. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्यानं धुवायचं आणि ते खारं पाणी गटारात सोडायचं. वर घरोघरी आरओ: लिटरभर पाणी हाती येताना दोन-तीन लिटर वाहून जातं. टँकरनं विकत आणलेलं पाणी! मी ते बादलीत धरते, फरशीला वापरते, पण इमारतभर हिशेब केला की जीव कासावीस होतो. जमिनीतून उपसायचं, स्वयंपाकघरात त्याच्याशी झगडायचं, निम्म्याहून अधिक सोडून द्यायचं, आणि त्याच वेळी गच्चीवर पडलेला मऊ पाऊस पाइपानं थेट रस्त्यावर. प्रत्येकाच्या भिंतीवर यंत्र आलं आणि सगळ्यांच्या मिळून असलेल्या पाण्याकडे बघायला कुणी उरलं नाही. आजोळी दोन विहिरी साऱ्या घराच्या होत्या. कुठलं पाणी कशाला, हे पोरांनाही ठाऊक असे.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. गच्चीचे पाइप गाळणीतून बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडायचे, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वगळून. आणि टँकर टाकीत रिकामा करण्याआधी त्यातलं जंतू मारणारं क्लोरीन तपासायचं. त्याचं किट स्वस्त मिळतं: नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. वॉचमनकाकांना मी ते शिकवायला तयार आहे.