राजूच्या अंगठ्या

मोरगाव, ता. बारामती
रविवार, रात्री

चि. मनू,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी दुकानात पाच एचपीची मोटर उघडून बसलो होतो. "मामा, एम-थ्रीला, गणिताला, बॅक लागला," एवढं म्हणालीस आणि मग बराच वेळ नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मला फोनवर धड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तू मग स्वतःच विषय बदललास. मुलींनी रूमवर लॅपटॉपवर 'थ्री इडियट्स' लावलाय, तुला मात्र तो बघवत नाहीये, आणि तुझी रूममेट म्हणतेय की रँचो स्वतः पहिला येतो आणि दुसऱ्यांना सांगतो मार्कांमागं धावू नका, त्याला काय जातंय बोलायला! शेवटी विचारलंस, "मामा, तुम्ही हा सिनेमा इतक्या वेळा का बघता?"

तेव्हा मी "बघतो झालं" म्हणून फोन ठेवला. आज दुकान बंद करून तेवढ्याचसाठी कागद घेऊन बसलोय.

तुझी रूममेट खरं बोलली. वर्गाचा फोटो काढतात तो प्रसंग आठव. रँचो पहिला आलेला, म्हणून प्रिन्सिपल व्हायरसच्या शेजारच्या खुर्चीत. फरहान आणि राजू पार मागं, कोपऱ्यात. पहिल्या खुर्चीतल्या माणसाला निर्भय राहणं सोपं असतं. पण बाळ, मी रँचोसाठी तो सिनेमा बघतच नाही. मी राजूसाठी बघतो.

घरात हा विषय कुणी काढत नाही, तुझ्या आईनंही तुला सांगितलं नसेल. मीसुद्धा इंजिनिअरिंगला होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. सिनेमा २५ डिसेंबर २००९ ला लागला, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. जानेवारीत होस्टेलची अकरा पोरं मिळून पुण्यात बघायला गेलो. बारामती म्हटलं की तिकडच्या पोरांना ऊस दिसायचा, बागायत दिसायची. त्यांना काय सांगायचं की निरा डावा कालवा आमच्यापासून लांबून जातो, आमचा मोरगाव-सुप्याचा पट्टा जिरायती, बाजरी झाली तर झाली आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची! आमच्या भावकीतला मी इंजिनिअरिंगला गेलेला पहिला. आप्पांनी दोन म्हशी विकून फी भरली होती.

थिएटरमध्ये राजूचं घर पडद्यावर आलं. तेवढा भाग काळा-पांढरा केलाय, जुन्या सिनेमासारखा. अंथरुणाला खिळलेले वडील, लग्नाची बहीण, भाज्यांचे भाव सांगणारी आई. ती लाटण्यानं नवऱ्याची छाती खाजवते आणि त्याच लाटण्यानं पोळ्या लाटते, तेव्हा सगळं थिएटर हसून लोळत होतं. माझ्या शेजारी एक पोरगा बसला होता, इंदापूर तालुक्यातला. तो हसला नाही. मी हसलो नाही. आम्ही एकमेकांकडं बघितलंही नाही. त्या दिवसापासून तो माझा जिवाचा मित्र आहे, आणि आजवर त्या प्रसंगाबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही.

राजूच्या बोटांतल्या अंगठ्या आठवतात? परीक्षेसाठी एक, बहिणीच्या लग्नासाठी एक, नोकरीसाठी एक. लोकांना ते विनोदी वाटतं. तुझ्या आजीनं माझ्या मनगटाला मयूरेश्वराचा दोरा बांधला होता आणि प्रत्येक पेपराच्या आदल्या रात्री मी तो चाचपून बघायचो. देवावर माझी श्रद्धा आहे, तेव्हाही होती. पण त्या दोऱ्यात श्रद्धा कमी आणि भीती जास्त होती, हे मला राजूनं दाखवलं. पुढं तो व्हीलचेअरवर मुलाखतीला जातो, बोटं मोकळी, आणि आपल्या कमी मार्कांबद्दल, आपल्या भीतीबद्दल समोरच्या साहेबांना खरं ते सांगून टाकतो. नोकरी हवी म्हणून खोटं बोलायला तयार होत नाही, तरी ती त्याला मिळते. तो प्रसंग मी किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. दर वेळी राजू झालेला शर्मन जोशी बोलायला लागला की मी हातातला पकड-पान्हा खाली ठेवतो.

माझं काय झालं ते सांगतो. चार विषय राहिले, वायडी झाला, म्हणजे वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मी गावाला आलो, एसटीतून उतरलो आणि घरी न जाता देवळासमोरच्या नंदीपाशी जाऊन बसलो. गणपतीपुढं एवढा मोठा नंदी दुसरीकडं कुठं असतो सांग बरं? आजी सांगते, तो भुलेश्वरच्या शंकरासाठी चालला होता, गाडा इथं मोडला आणि नंदी काही केल्या हलेना. मग तो इथलाच झाला. दोन तासांनी आप्पा शोधत आले. काही बोलले नाहीत. माझी बॅग उचलली आणि पुढं चालायला लागले.

बारामतीच्या एमआयडीसीत मी वाइंडिंग शिकलो ते पुढच्या तीन वर्षांत. म्हणून तुला सांगतो, त्या सिनेमातली माझी दुसरी आवडती गोष्ट तिथली यंत्रं. पावसानं शहर तुंबलंय, वीज गेलीय, बाई अडलीय आणि ही पोरं बॅटऱ्या जोडून इन्व्हर्टर चालवतात, व्हॅक्युम क्लीनरनं बाळंतपण पार पाडतात. डॉक्टर म्हणतील असं होत नसतं, आणि ते बरोबरच असेल. पण भारनियमनाच्या काळात वाढलेल्या माणसाला विचार, अंधारात काहीतरी जोडून दिवा लावणाऱ्या माणसाबद्दल त्याला काय वाटतं.

शेवटी लडाखच्या शाळेत दिसणारी यंत्रं मात्र खरोखरीची आहेत, आणि ती करणारी माणसंही. सायकल मारत कपडे धुवायचं यंत्र केरळच्या रेम्या जोस या मुलीनं शाळकरी वयात केलं होतं, घरी आई आजारी म्हणून. सायकलवर चालणारं केस कापायचं यंत्र मेरठकडच्या मोहम्मद इद्रिस यांचं, ते व्यवसायानं न्हावी. आणि स्कूटरवर चालणारी पिठाची गिरणी आपल्या जळगावच्या जहांगीर पेंटर यांची! मला हे सिनेमानंतर कितीतरी दिवसांनी पेपरात वाचायला मिळालं. व्यवसायानं पेंटर. ना डिग्री, ना प्रयोगशाळा. वीज नाही तर दळण अडतं, आणि दारात स्कूटर उभी आहे तर तिचं इंजिन कशाला रिकामं ठेवायचं? अशा माणसांना गावोगाव हिंडून शोधायचं काम अहमदाबादच्या आयआयएमचे प्राध्यापक अनिल गुप्ता आणि त्यांच्या 'हनी बी नेटवर्क'नं केलं, त्यातूनच पुढं २००० साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन उभं राहिलं. तो पेपर वाचला त्या दिवशी माझ्या टेबलावर एका घरघंटीची मोटर होती. मी ती पुन्हा उघडली आणि आणखी नीट बांधली. तोवर मला वाटायचं की मी इंजिनिअर व्हायचा राहिलो. त्या दिवसानंतर कधी तसं वाटलं नाही.

लोक या सिनेमाला आमिर खानचा सिनेमा म्हणतात. मला तो आपल्या घरचा वाटतो, आणि त्याला कारणं आहेत. राजकुमार हिरानी नागपूरचे, वडिलांची टायपिंगची संस्था. पोरानं सीए व्हावं असं घरी वाटत होतं, आणि हे पुण्याला येऊन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकले. म्हणजे फरहानची गोष्ट सांगायला त्यांना लांब जावं लागलं नसणार. गाणी लिहिली इंदूरच्या मराठी घरातल्या स्वानंद किरकिरे यांनी, त्यातल्या 'बहती हवा सा था वो'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फरहान झालेला माधवन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. चतुर झालेला ओमी वैद्य अमेरिकेत जन्मलेला मराठी मुलगा, त्यानं २०२४ मध्ये 'आईच्या गावात मराठीत बोल' हा मराठी सिनेमा केला. कॉलेज म्हणून जी दगडी इमारत दिसते ती बेंगळुरूच्या आयआयएमची, आणि तिचे वास्तुशिल्पकार बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले. व्हायरसचं तर आडनावच सहस्रबुद्धे! हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलंय. आवडत्या माणसाच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांची नावं आपल्याला पाठ असतात की नाही, तसं.

तुझं एक म्हणणं मला मान्य आहे. मागं तू म्हणाली होतीस की चतुरच्या भाषणाचा प्रसंग मुलींना बघवत नाही. पहिल्यांदा मीही त्याला पोट धरून हसलो होतो. तू बोललीस तेव्हापासून त्या भाषणातला 'बलात्कार' हा शब्द मला तुझ्या कानांनी ऐकू येतो. आता दुकानात टीव्हीवर सिनेमा लागला की तेवढा भाग मी आवाज बंद करतो. पोरं विचारतात, मी कारण सांगतो. आवडत्या गोष्टीतली चूक आपणच सांगायची असते.

आणि प्रेमाचाही भार होतो. लेहजवळ शे गावातली ती शाळा बघायला इतके लोक जायला लागले की पोरांच्या शिकण्यात अडथळा यायला लागला. २०१८ मध्ये शाळेनं सिनेमातली ती प्रसिद्ध भिंतच हटवायचं ठरवलं. मला ते वाचून बरं वाटलं. शाळा आधी पोरांची.

आता जॉय लोबोबद्दल, सिनेमात जीव देणाऱ्या त्या पोराबद्दल. तू त्या प्रसंगाला उठून गॅलरीत गेलीस असं म्हणालीस. म्हणून खरं तर हे पत्र.

मनू, माझ्याकडं जळालेल्या मोटरी येतात त्या बहुतेक वेळा व्होल्टेज वाढला म्हणून जळलेल्या नसतात. व्होल्टेज पडला म्हणून जळतात. विहिरीतून पाणी तेवढंच उचलायचं असतं, वरून येणारा दाब मात्र अर्धा होतो. मोटर थांबत नाही. ती जास्त करंट ओढते, कॉइल तापते, वार्निश जळतं, तारा एकमेकींना चिकटतात. शेतकरी मला म्हणतो, मोटर कच्ची निघाली. मी दर वेळी सांगतो, मोटर चांगली होती.

हे होऊ नये म्हणून स्टार्टरमध्ये रिले असतो. करंट वाढला की तो पडतो आणि मोटर बंद होते. लोकांना त्याचा वैताग येतो, पुन्हा पुन्हा रानात जावं लागतं, म्हणून कितीतरी जण तो रिले बांधूनच टाकतात. मग मोटर माझ्याकडं येते.

परवा तुझा रिले पडला. तू फोन केलास. हे तू बरोबर केलंस. असा तो पडला की पुन्हा कर, रात्री दोनला कर, नुसता श्वास ऐकव, मी ऐकत बसेन. जॉय लोबोच्या वडिलांना फोनवर 'यंदा पास होणार नाही' हे व्हायरसनं सांगितलं, जॉयच्या मनातलं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. माझी एकच मागणी आहे, तुझ्या मनातलं तू मला सांग.

एम-थ्रीचं मी काही सांगू शकत नाही, तो माझाही राहिला होता. पेपर दे, निघाला तर उत्तमच. नाही निघाला तर पुन्हा बसायचं. तिसऱ्यांदाही नाही निघाला तर आप्पा आता थकलेत, तुझी बॅग उचलायला मी येईन.

राजूनं डिग्री सोडली नाही हेही लक्षात ठेव. आमच्या होस्टेलमधल्या दोघांनी सिनेमातल्या फरहानकडं बघून कॉलेज सोडलं. एक आज चांगला फोटोग्राफर आहे. दुसऱ्याला कॅमेरा नको होता, त्याला फक्त कॉलेज नको होतं, आणि पुढची काही वर्षं त्याला फार जड गेली. सिनेमानं त्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. पण तुला इलेक्ट्रिकल आवडतं, हे मी लहानपणापासून बघतोय. सातवीत असताना तू माझ्या टेस्ट लॅम्पनं आजीच्या रेडिओतली तुटलेली तार शोधली होतीस. ते तुला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ये. जेजुरीवरून येणारी एसटी सकाळी घे, म्हणजे दर्शन करून जेवायला घरी. आजी बाजरीची भाकरी आणि कारळ्याची चटणी करणार आहे, तुझ्या फोनबद्दल तिला मी काही सांगितलेलं नाही. सुप्याच्या एका बाईंची घरघंटी आलीय, त्यांचा दळणाचा धंदाच तिच्यावर आहे. जुनी कॉइल मी कापलेली नाही, तुझ्यासाठी तशीच ठेवलीय. टर्न तू मोज, गेज तू बघ, स्लॉटमध्ये पेपर मी घालतो. तार बारीक आहे, चष्मा आणायला विसरू नकोस.

तुझा
मामा