मायनर गणित: घ्यायचं, पण कोणतं?

‘सर, मॅथ्स घ्याच लागते का?’ काटोलात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्या पोराला बारावीत गणित असतं, पण सीईटीत त्यानेच दगा दिलेला असतो. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणलं. निवडीला वाव मिळाला, आणि पोरं मार्क कुठे सुटतात ते पाहून मायनर ठरवू लागली.

माझं मत सरळ आहे. भौतिकशास्त्र मेजर असेल तर मायनर गणितच. रसायनवाल्यांनीही निदान पहिली दोन वर्षं ते सोडू नये. मात्र गणिताचे सगळेच पेपर आपल्या कामाचे नसतात.

कलनशास्त्राला पर्याय नाही. त्याच्या पाठोपाठ विकल समीकरणं हवीत. किरणोत्सारी ऱ्हास, कपॅसिटरचं डिस्चार्ज होणं आणि रसायनाच्या प्रयोगशाळेतलं मिथाइल ॲसिटेटचं जलापघटन, या तिन्हींचं समीकरण एकच: बदलाचा वेग शिल्लक राशीच्या प्रमाणात. ते सोडवता येत नाही तो विद्यार्थी एकच गोष्ट तीनदा पाठ करतो. आंशिक विकलन न शिकता उष्मागतिकीला बसलेल्यांचं तेच होतं. मॅक्सवेलचे चार संबंध त्यांना पाढ्यांसारखे घोकावे लागतात. सदिश कलन विद्युतचुंबकत्वाच्या आधीच्या सत्रात व्हावं. पुष्कळदा ते सोबत किंवा नंतर येतं, आणि मग आम्ही भौतिकवालेच फळ्यावर घाईघाईने डायव्हर्जन्स-कर्ल उरकतो.

सगळ्यात जास्त टाळला जाणारा पेपर म्हणजे रेषीय बीजगणित. मला विचाराल तर सगळ्यात आधी तोच उचलावा. पुंजयांत्रिकीतली ऊर्जेची पातळी म्हणजे आयगेनमूल्य. हे तिसऱ्या वर्षी अचानक समोर आलं की चांगली पोरंही गांगरतात. १९२५ साली हायझेनबर्गने अणूसाठी जो विचित्र गुणाकार मांडला तो मॅट्रिक्सचा आहे, हे ओळखलं मॅक्स बॉर्नने. खुद्द हायझेनबर्गला तोवर मॅट्रिक्स ठाऊक नव्हत्या. बॉर्न शेजारी असेल तर आपलंही निभावेल.

रिअल ॲनालिसिस आणि अमूर्त बीजगणित मी ऐच्छिक मानतो. रेणूंच्या सममितीसाठी ग्रुप थिअरी लागते हे खरं, पण रसायनवाल्याला हवे असतात ते कॅरेक्टर टेबल, ते एम.एस्सी.च्या रसायनातच शिकवतात. सायलोची प्रमेयं त्याने कशाला सोसावीत? त्याऐवजी संख्याशास्त्राचा एखादा पेपर घ्यावा. मोजमापातली त्रुटी काढायला तो रोज कामी येईल. सैद्धांतिक भौतिकीकडे जायचं असेल तर मात्र ॲनालिसिस जरूर करा. जयंत नारळीकरांची केंब्रिजची पदवी गणिताचीच होती.

हवा तो पेपर कॉलेजात नसेल तर ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे पडत नाहीत, फी फक्त परीक्षेची. क्रेडिट हवं असेल तर कॉलेजची मान्यता आधी घ्यावी.

पुढे एम.एस्सी.साठी द्यायच्या आयआयटीच्या ‘जॅम’ प्रवेशपरीक्षेच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात पहिलाच विभाग गणिती पद्धतींचा आहे: आंशिक विकलन, सदिश कलन, विकल समीकरणं, मॅट्रिक्स, फूरिए श्रेणी. पालकांना विनंती एवढीच, की संत्र्याच्या मृग बहाराच्या धांदलीतही या अभ्यासक्रमाचं हे एक पान काढून आणा, कॉलेजच्या मायनरच्या यादीशेजारी ठेवा, कोणत्या सत्रात काय शिकवणार ते विचारा आणि मगच फॉर्मवर सही करा.