सावलीतला घाम

2018 चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. रत्नागिरीत पारा 34 च्या आसपास. नागपूरची आपा फोनवर हसायची, "आमच्याकडे 45 आहे, तुम्हांला कसली गरमी?" आम्हांलाही तसेच वाटायचे.

एका दुपारी जुहरची नमाज पढून आलेले अब्बा पडवीत बसले ते उठेनात. कुर्ता पिळून काढावा इतका भिजलेला. डोके गरगरते म्हणाले, पायांत गोळे आले. आम्ही त्यांना पंख्याखाली निजवले आणि म्हणालो, "आता असर होईल, मग मगरिब. थोडा सब्र करा." ते शब्द आठवले की आजही मान खाली जाते.

निरोप मिळताच इमामसाहेब आले. अब्बांचा चेहरा पाहून त्यांनी आधी पाणी मागवले. "आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करायची सवलत कुरआनातच आहे. जीव ही अल्लाहची अमानत आहे," म्हणत पेला अब्बांच्या हाती दिला. अब्बा रडत रडत पाणी प्याले.

डॉक्टरांनी समजावले ते आम्हांला नवे होते. नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळला तरच अंग थंड होते. कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. किनाऱ्यावरची हवा आधीच दमट, म्हणून घाम नुसता निथळतो; पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. त्यात अब्बांची रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पाणी काढणारी, आणि उतारवयात तहानही कमी लागते.

त्या रमजानचे राहिलेले रोजे अब्बांनी डॉक्टरांना विचारून डिसेंबरात पुरे केले.

आता उन्हाळ्याआधीच आम्ही थोरांच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारून घेतो. कोणाला घेरी आली तर ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालतो. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजतो. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काही न घालता अंगावर पाणी शिंपडत थेट दवाखाना गाठायचा, हे घरातल्या मुलांनाही ठाऊक आहे.

आणि सब्राचा सल्ला देण्याआधी आम्ही समोरच्याची तब्येत पाहतो.