दिपवणे आणि डिपर

'डोळे दिपवणारा' हे विशेषण आपण मराठीत बहुधा कौतुकानेच वापरतो. कुणाचे वैभव डोळे दिपवते, कुणाची विद्वत्ता. रात्रीच्या रस्त्यावर मात्र या क्रियापदाचा मूळ अर्थ अंगावर येतो. डोळे दिपले म्हणजे क्षणभर काहीच दिसत नाही. ट्रकांच्या पाठीवर रंगवलेल्या 'डिपर'चा या दिपण्याशी संबंध नाही. तो इंग्रजी 'डिप'वरून आलेला, आणि त्यात अर्थ आहे खाली झुकवण्याचा. ध्वनीने सख्खे वाटणारे हे दोन शब्द अर्थाने एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत.

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. महाविद्यालयातून सांगली-तासगाव रस्त्याने परतायला आम्हांला अनेकदा रात्र होते. गेल्या हिवाळ्यात गाडीचा पुढचा एक दिवा बदलून घेतला आणि त्यानंतर समोरून येणारे जवळजवळ प्रत्येक वाहन आम्हांला डिपर देऊ लागले. आमचा झोत तर खालीच होता! गॅरेजमध्ये विचारले, तर "उजेड लांब पडतोय, चांगलंच की," असे उत्तर मिळाले. तेव्हा दिव्याचा रोख घरीच लावायचे ठरवले.

काम सोपे आहे, पण सावकाशीचे. वसाहतीच्या मागच्या भिंतीसमोर सपाट जागा होती; ती खरोखर सपाट आहे ना, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहिले. टायरांत हवा योग्य, टाकी अर्धी भरलेली, चालकाच्या जागी आमच्यापैकी एक बसलेला, आणि दिव्यांची उंची बदलणारी डॅशबोर्डवरची चकती शून्यावर. गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून ६५ सेंटिमीटर भरली. खालच्या झोताने दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतरावे, असा साधारण हिशेब असतो. म्हणून भिंतीवर साडेसत्तावन्न सेंटिमीटरवर खडूने आडवी रेष ओढली. मग एका दिव्यासमोर पुठ्ठा धरायचा आणि दुसऱ्याच्या मागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत उजेडाची वरची कडा त्या रेषेवर आणायची. नवा दिवा रेषेच्या सात सेंटिमीटर वर होता. अंतर क्षुल्लक वाटते. पण कोनात ते अर्ध्या अंशाहून अधिक होते, आणि साठ मीटरांवर त्याचाच अर्धा मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांकडे जातो.

मग झोत आणखी खाली का आणू नये? सौजन्यच अधिक झाले! तसे मात्र नाही. या भागात हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. रात्री उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने चालतात; कित्येकींच्या मागे दिवा नसतो, परावर्तक असला तरी पाचटाने झाकलेला. ६५ सेंटिमीटर उंचीचा, दर मीटरला एक सेंटिमीटर उतरणारा झोत ६५ मीटरांवर जमिनीला लागतो. उतार दुप्पट केला, तर ते अंतर निम्मे होते, आणि बैलगाडी दिसेतो ब्रेक लावायला अवधी उरत नाही.

भिंतीवरच्या उजेडाकडे नीट पाहिले, तेव्हा या पेचाचे उत्तर दिवा घडवणाऱ्यांनी आधीच शोधलेले दिसले. कडा उजवीकडे सरळ आणि नीच राहते, डावीकडे मात्र थोडी वर चढते. आपल्याकडे वाहतूक डावीकडून. म्हणून येणाऱ्याच्या बाजूला उजेड संयमाने वागतो, आणि पायी चालणारा, सायकलवाला, गाडीवान जिथे असतात त्या कडेला लांबवर पोहोचतो. उजेड किती द्यायचा, हा प्रश्नच नव्हता; कुणाला द्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही, हा होता. वर्गात विद्वत्तेचा झोत सरसकट सोडणाऱ्या आमच्या व्यवसायालाही तो लागू आहे.

असो. रोख लावल्यापासून डिपर मिळणे थांबले आहे. शेजारचे काहीजण आता आपल्या गाड्या त्याच भिंतीसमोर आणतात. रेष मात्र प्रत्येकासाठी नव्याने काढावी लागते. दिव्यांची उंची गाडीगणिक वेगळी असते.