डिलिव्हर्ड म्हणजे पोचलं?

शनिवारची सकाळ. औंधला मामाच्या ओसरीवर बसून लिहितोय. औंध म्हणजे पुण्याचं नव्हे हं! ऑफिसात दर वेळी हा खुलासा करावा लागतो. हे सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं औंध. माझं आजोळ.

इथे पळून यायला निमित्त झालं मागच्या महिन्यातलं एक प्रेझेंटेशन. एका छोट्या शहराच्या नगरपालिकेसाठी आम्ही एसेमेस पाठवणारी सिस्टिम केली. पाणी, घरपट्टी, लसीकरण, सगळ्याच्या सूचना थेट मोबाईलवर. माझ्या स्लाईडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : जवळजवळ सगळे मेसेज डिलिव्हर्ड.

जेवणाच्या सुट्टीत खाली आलो, तर पाणीपुरवठ्याच्या खिडकीशी एक आजी भांडत होत्या. त्यांच्याकडे चार दिवसांतून एकदा पाणी येतं. त्या आठवड्यात वार बदलला, आजींना पत्ताच नाही. पाणी येऊन गेलं तेव्हा त्या भांगलायला गेलेल्या. आता पुढच्या पाळीपर्यंत हंडा घेऊन शेजाऱ्यांच्या दारात. मी मोठ्या ऐटीत लॅपटॉप उघडला. मेसेज गेलेला होता, पोचलेलाही होता.

"आजी, हा नंबर तुमचाच ना?"

"न्हाई बाबा, त्यो पोराचा. मुंबईला असतोय त्यो."

म्हणजे आजींच्या नळाची बातमी मुंबईत कुणाच्या तरी खिशात वाजली होती. बरं, मजकूर तरी कसा? "तांत्रिक कारणास्तव आपल्या प्रभागातील पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात बदल करण्यात येत असून..." पाणी कधी येणार ते चौथ्या ओळीत. हे दिव्य मराठी मीच टाईप केलं होतं.

परत आल्यावर डेटा उघडून बसलो. आमची यादी घरपट्टीच्या नोंदींवरून घेतलेली. त्यात घरमालक आहेत, राहणारे नाहीत. भाडेकरू नाहीत, बांधकामावरचे कन्नड आणि हिंदी बोलणारे मजूर तर नाहीतच. शहराला कळवतोय असं म्हणत आम्ही फक्त ज्याच्या नावावर घर त्याला कळवत होतो.

काल रात्री मामाला हे सगळं सांगितलं. तो हसला आणि संस्थानाच्या गोष्टींवर गेला. औंध संस्थान ७२ गावांचं, आणि तीही सलग नाहीत. काही इथे खटावात, काही आटपाडीकडे, काही कुंडलच्या बाजूला आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे, कानडी मुलखात. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी कारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना आली. तिच्या पायाशी गावोगावच्या पंचायती. आता राज्य तुमचं, हे अशा विखुरलेल्या लोकांना कळवायचं कसं? राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन गावोगाव हिंडले. हा फ्रिडमन पोलंडचा इंजिनिअर, बंगळूरला विजेच्या सामानाचा सरकारी कारखाना सांभाळलेला. आपल्याच जातकुळीचा की!

राजेसाहेब स्वतः कीर्तन करायचे. समोरचा मान डोलावतोय की जांभया देतोय, हे कीर्तनकाराला तिथल्या तिथे दिसतं. माझ्या डॅशबोर्डला दिसत नाही.

जुन्या काळाने गहिवरून जाण्यात मात्र अर्थ नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, ते योग्यच झालं. आणि गावोगावची दवंडी घरोघरी ऐकू जायची हे खरं, पण ती पिटायचं काम जातीने महारांवर लादलेलं होतं. ते परत नकोच. पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम वाचा. माहिती देताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा पद्धतीचा विचार करा, असं त्यात स्पष्ट आहे. नुसता एसेमेस पाठवून हात झटकणं कायद्यालाही मान्य नाही.

मग मी तीन बदल लिहून दिले. एक, वार आणि वेळ पहिल्या ओळीत, साध्या भाषेत : "पाणी उद्या नाही, गुरुवारी सकाळी ६ ला येईल." दोन, एका नळाला दोन-तीन नंबर, भाडेकरूचाही. तीन, घंटागाडी. ती रोज सकाळी गल्लीत येते, तिला भोंगा आहे, आणि लोक स्वतःहून बाहेर येतात. त्याच भोंग्यावर मराठी, हिंदी, कन्नडमध्ये सूचना वाजवा. शिवाय गाडीवरच्या माणसाला "म्हंजी कवा?" असं विचारता येतं. एसेमेसला विचारता येत नाही.

"हे आपल्या स्कोपमध्ये नाही," इति आमचे मॅनेजर. पहिला बदल तेवढा झाला. उरलेले दोन सोमवारी पुन्हा मांडणार आहे. स्लाईडवरची ती हिरवी ओळ मात्र मी काढून टाकली.

असो. मामी जेवायला हाक मारतेय. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या सूचना तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनला कळतात का? एकदा विचारून बघा. मी विचारलं. नाही कळत.