चांदीचा कागद

स्मरणिकेसाठी आठवणी लिहाव्यात, असे निमंत्रण आले तेव्हा वाटले, विद्यालयाचा गौरव इतर माजी विद्यार्थी करतीलच. आपण एक जुनी थकबाकी फेडावी.

1991 चा एप्रिल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. सभागृहात एका जपानी उपासकाने दान दिलेला सिंथेसायझर होता. 1982 मध्ये चरणजित सिंग यांनी मुंबईत अशाच वाद्यांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले होते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्यासाठी ते वाद्य म्हणजे माझ्या वर्गमित्राच्या बोटांतून उमटणारी भीमगीते. पट्ट्या सरकवून त्याने सनईच्या जवळ जाणारा एक आवाज जुळवला होता आणि वाद्याच्या स्मृतीत साठवला होता.

जपानमधील वीज 100 व्होल्टची, आपली 230. म्हणून वाद्य नेहमी एका जड ट्रान्सफॉर्मरमधून जोडले जाई. एका दुपारी, सभागृहात कोणी नसताना, मी ते थेट भिंतीच्या बोर्डाला जोडले. मागचा फ्यूज उडाला. घाबरून मी त्या फ्यूजभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि पुन्हा बटण दाबले. जळका वास आला.

संध्याकाळी वाद्य मुके होते. ठपका वर्गमित्रावर आला. वाद्याला हात लावण्याची त्याला मनाई झाली. त्या दिवशीही वंदनेत आम्ही पंचशील ग्रहण केले. चौथ्या शीलापाशी माझा आवाज घशातच राहिला.

पुढे विद्युत उपकरणांची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय झाला. गेल्या वर्षी अनुमती घेऊन अडगळीच्या खोलीतून ते वाद्य बाहेर काढले. फ्यूजचे झाकण फिरवले, तर आत चांदीचा कागद तसाच होता.

ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक वेटोळे जळून तुटले होते. भिवंडीत यंत्रमागांच्या मोटारी गुंडाळणाऱ्या कारागिरांना तोटा नाही. त्यांपैकी एकाने ते नव्याने गुंडाळून दिले. शंभर फेऱ्यांच्या जागी दोनशे तीस, आणि त्या मावाव्यात म्हणून तार अधिक बारीक. आता वाद्य थेट आपल्या विजेवर चालणार होते. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून 15 व्होल्टचा रेग्युलेटर व नवे कपॅसिटर आणले. कळींखाली साचलेले कापसाचे तंतू ब्रशने काढले, रबरी संपर्क स्पिरिटने पुसले.

वाद्य बोलले, परंतु दर सहावा स्वर गायब. प्रथम मी कळींनाच दोष दिला. मग ध्यानात आले की, या वाद्यात सहा स्वरांसाठी सहा स्वतंत्र सर्किटे असतात आणि कळ दाबली की काम पाळीपाळीने एकेकाकडे जाते. म्हणजे कळ कोणतीही असो, सहाव्या वेळी शांतताच. ज्या कळीवर बोट होते, तिचा काहीच दोष नव्हता. शोधत गेलो, तेव्हा एका आयसीचे पाय सॉकेटमध्ये गंजलेले सापडले. ते स्वच्छ करून बसवले आणि सहाही स्वर लागले.

मग वर्गमित्राला बोलावले. तो आता गोदामांच्या मालाचा टेम्पो चालवतो. चांदीचा कागद त्याच्या हातावर ठेवून मी सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्याच हातून बिघडलं."

रागावला असता तर बरे झाले असते.

त्याने आपली सनई शोधली. स्मृती जपणारी छोटी बॅटरी केव्हाच संपली होती. साठवलेला आवाज पुसला गेला होता. ते मला दुरुस्त करता आले नाही. तो पट्ट्या सरकवत तासभर बसला. "तशी नाही आली," एवढेच बोलला, आणि वाजवू लागला.

वाद्य पुन्हा सभागृहात आहे. वसतिगृहातील मुलांना एवढेच सांगणे आहे की, हातून काही बिघडले तर त्याच संध्याकाळी सांगा. यंत्र तीस वर्षे थांबू शकते; माणसाची तेवढी वर्षे परत येत नाहीत.

जय भीम! नमो बुद्धाय!